देव बोलावले, धाडायचे राहिले

वाशीच्या, मुंबईजवळच्या नव्हे, आमच्या धाराशिवकडच्या वाशीच्या बाजारात माझं झेरॉक्सचं दुकान आहे. काउंटरमागच्या फळीवर आमच्या गोंधळ पार्टीला मिळालेली सन्मानचिन्हं मांडून ठेवलीत. गिऱ्हाईक नसलं की मी त्यांच्यावरची धूळ झटकतो. एकेक चिन्ह उचललं की त्याच्याखालून एकेक किस्सा निघतो! चिन्हं अजून फळीवर मावतात, किस्से मावायचे कधीच बंद झाले. मित्र चहाला टेकले की म्हणतात, "राजाभाऊ, तो टीव्हीवाल्यांचा सांग की!" मी विचारतो, "त्यातला कुठला?"

आमच्या पार्टीत चौघं. गाणारे अण्णा, नात्यानं माझे चुलते, राहणार सोनारी. संबळावर त्यांचा मुलगा दत्तू. दिवटी, म्हणजे तेलात भिजवलेली मशाल, धरायला बापू. तुणतुणं वाजवत अण्णांच्या मागं सूर ओढायला मी. आणि एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. गोंधळात सुरुवातीला गावोगावच्या देवांना नाव घेऊन हाक मारतात, या म्हणून. आमच्या घराण्यात रीत अशी की शेवटी तीच नावं उलटीकडून घ्यायची आणि एकेकाला परत धाडायचं. धाडलं नाही तर देव तिथंच बसून राहतो.

अण्णांची एकच इच्छा होती. पहिल्या हाकेपासून शेवटचा देव धाडेपर्यंतचा सगळा गोंधळ रेडिओवर नाहीतर टीव्हीवर एकदा तरी लागावा. मी म्हणायचो, "लागंल की अण्णा." लहान मुलाला आपण उद्या जत्रेला नेतो म्हणतो ना, तसं.

* * *

पहिलं बोलावणं रेडिओचं. अण्णांनी त्या दिवशी फेटा दोनदा सोडून बांधला. मी म्हटलं, "अण्णा, रेडिओ हाय." ते म्हणाले, "तितं मानसं आसतील का न्हाय?"

माणसं होती. त्यातले एक साहेब दारातच बापूला म्हणाले, "मशाल पेटवता येणार नाही. आगीची घंटा वाजते." आता दिवटीशिवाय गोंधळ कसा उभा राहायचा? बापूनं थोडा विचार केला, मोबाइलचा लाइट लावला आणि हात उंच करून अण्णांच्या शेजारी उभा राहिला. शेवटपर्यंत तसाच! रेडिओवर!

अण्णांनी हाका सुरू केल्या. आधी तुळजापूरची आई, मग सोनारीचा काळभैरव, मग परंडा तालुका. नावं घेत घेत आम्ही भूम तालुक्याच्या शिवेला पोचलो आणि काचेमागून साहेबांनी हात हलवला. आत येऊन म्हणाले, "आवाज फारच सुंदर आहे. पण यातले काही देव कमी करता येतील का?"

अण्णा शांतपणे म्हणाले, "कुनाला गाळायचं त्येचं नाव तुमी सांगा, सायेब. जाताजाता म्या त्येच्या देवळात सांगून जातो."

साहेबांनी नाव काही सांगितलं नाही. रेकॉर्डिंग तेवढं थांबवलं. बोलावलेले देव धाडायचे राहिले म्हणून अण्णा बाहेर आले आणि आवारातल्या लिंबाखाली उभं राहून त्यांनी सगळ्यांना परत धाडलं. ऐकायला फक्त वॉचमन. तो बिचारा चप्पल काढून उभा होता.

कार्यक्रम लागला भल्या पहाटे, अख्खं गाव धारा काढत असताना. काळभैरवाचं नाव निघालं आणि पाठोपाठ हवामान!

* * *

मग टीव्हीवरची गाण्याची स्पर्धा. त्यात एक भाग म्हणे लोकसंगीताचा. शूटिंगच्या आधी एक मॅडम कॅमेरा घेऊन सोनारीला आल्या. अण्णांचं घर बघून त्यांचा चेहरा उतरला.

"तुमचं घर स्लॅबचं आहे?"

"व्हय. पोरानं बांधलं."

"पत्र्याचं जुनं काही नाही का?"

पत्र्याचा होता तो गोठा. मॅडमनी अण्णांना गोठ्यात बसवलं, मागं म्हैस घेतली आणि विचारलं, "अण्णा, या परिस्थितीतही तुम्ही कला जपलीत. काय सांगाल?" अण्णांनी मागं वळून बघितलं आणि सांगितलं, "ही परस्थिती म्हशीची हाय. माजं घर त्ये पलीकडं."

ते वाक्य अर्थात कापलं. म्हैस ठेवली.

मुंबईत स्टुडिओत गेलो तर गाणार दुसरेच कोणीतरी मोठे गायक. आम्ही त्यांच्या मागं उभं राहायचं. अण्णांनी ओठ हलवायचे. संबळाचा आवाज कीबोर्डमधून येणार होता, म्हणून दत्तूला सांगितलं, "वाजवल्यासारखं करा." दत्तू तळहात दाखवत मला म्हणाला, "नुसतं केल्यासारखंच करायचं हुतं तर ह्ये घट्टे कशापायी पाडून घेतले, राजाभाऊ?"

आमचे अंगरखे कॅमेऱ्यात मळके दिसतात म्हणून नवे कपडे दिले. अण्णांच्या डोक्यावरचा फेटा काढून मोरपिसांची टोपी बसवली. ती वासुदेवाची! मी सांगायला गेलो तर कपडेवाला म्हणाला, "लांबून कळत नाही हो." आणि खरंच कळलं नाही. कार्यक्रम लागला तेव्हा अण्णांच्या छातीखाली मोठ्या अक्षरांत आलं, 'पारंपरिक वासुदेव'.

गावातली निम्मी माणसं अण्णांच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत, टीव्ही बघायला जमली होती. सगळे एकदा टीव्हीकडं, एकदा अण्णांकडं बघायला लागले. शेवटी मालनकाकू, म्हणजे अण्णांच्या मंडळी, म्हणाल्या, "नवरा तर माजाच दिसतुय. आडनाव बदाललं वाटतं!"

सगळे हसले. अण्णा उठून गोठ्यात गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत.

* * *

नवरात्रात तुळजापुरात एका बातम्यांच्या चॅनेलनं आम्हाला पायऱ्यांशी उभं केलं. 'थेट' दाखवणार होते. आम्ही सुरू केलं आणि आमच्या पुढ्यात उभा राहून तो रिपोर्टर जोरजोरात बोलायला लागला. गर्दी किती, पार्किंग कुठं, उत्साह कसा. अण्णा थांबले. रिपोर्टरनं माईकवर हात ठेवला आणि म्हणाला, "काका, थांबू नका. तुम्ही बॅकग्राउंडला हवे आहात."

अण्णा म्हणाले, "मग मागं पडदाच लावा की. त्येला तहान बी लागत न्हाय."

* * *

आता पुरस्काराचा. लोकसंगीताचा मोठा सोहळा होता. पत्र वाचून आम्हाला वाटलं, अण्णांचं नाव निघालं! नवे धोतरजोडे घेतले. काकूंनी लाडू बांधून दिले. तिथं गेल्यावर कळलं, आमचं काम पाहुणे येतील तेव्हा फाटकावर वाजवायचं आहे. मुख्य पाहुण्यांना उशीर झाला, म्हणून दर गाडीला आम्ही वाजवत राहिलो. पाणी घेऊन आलेल्या टेम्पोचंही स्वागत झालं.

पुरस्कार मिळाला शहरातल्या एका संगीतकाराला. त्यानं गोंधळाच्या तालावर पार्टीत नाचायचं गाणं केलं होतं. ते फार चाललं होतं. भाषणात तो गहिवरून म्हणाला, "हे संगीत माझं नाही. हे मला या मातीनं दिलं."

मागच्या रांगेतून बापू ओरडला, "मातीचा पत्ता लिहून घ्या! मुक्काम सोनारी, तालुका परंडा!"

लोकांना वाटलं, गावाकडचा चाहता आहे. टाळ्या वाजल्या.

आमच्या हातातही जाताना एकेक सन्मानचिन्ह ठेवलं, 'सहभागाबद्दल'. आकार संबळाचा, पितळी, लई देखणा. दत्तूनं गाडीत बसल्यावर त्याच्यावर टिचकी मारली. मग दुसऱ्या बाजूनं मारली. म्हणाला, "आतून भरीव हाय. वाजत न्हाय." अण्णांनी तेव्हाच सांगितलं, "ह्याच्याम्होरं कुटल्या पुरस्काराला म्या येनार न्हाय." फळीवर ते आहे अजून. झेरॉक्सचे कागद उडू नयेत म्हणून मला उपयोगी पडतं.

* * *

त्यानंतर अण्णांचा आवाज फाटायला लागला. आम्हाला वाटलं तपकिरीनं. सोलापूरच्या डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, घशात गाठ आहे, काढावी लागेल, आवाज राहील का नाही ते सांगता येत नाही. अण्णा म्हणाले, "एकडाव गोंधळ समदा लागू द्या. मग गळा तुमचाच."

मी दुकान बंद ठेवून चॅनेलवाल्यांच्या मागं लागलो. कुणाकुणाच्या हातापाया पडलो ते सांगत नाही. शेवटी एका चॅनेलच्या मॅडमनी कबूल केलं. सगळा गोंधळ, पहिल्यापासून शेवटपर्यंत, अण्णांच्याच घरी.

ते आले भर दुपारी. गोंधळ तर रात्रीचा! मग सोप्याच्या खिडक्यादारांना काळे पडदे लावून रात्र केली. काकूंनी मधोमध चौक मांडला. पाटावर नवं कापड, त्यावर तांदळाची रास, कलश, नारळ. बापूची दिवटी पेटली. कुणी घंटेची भीती घातली नाही. आणि अण्णा गायले! फाटका आवाज, पण गायले. तुळजापूरच्या आईपासून पार शेवटच्या मुरुमच्या मरीआईपर्यंत सगळ्यांना हाका मारल्या आणि कुणी हात हलवून थांबवलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच. मी मागं सूर ओढत होतो आणि मला रडू येत होतं.

हाका संपल्या आणि मॅडमचा फोन वाजला. कुणीतरी पुढारी पक्ष बदलत होते. गाडी आणि कॅमेरा धाराशिवला ताबडतोब हवा होता.

"अण्णा, काळजी करू नका," मॅडम वायर गुंडाळता गुंडाळता म्हणाल्या, "मेन पार्ट मिळालाय!"

पडदे ओढून काढले. भसकन ऊन आत आलं. अण्णा चौकासमोर तसेच उभे. मग त्यांनी देव धाडायला तोंड उघडलं, तर पहिल्याच नावाला आवाज गेला. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा गेला. दत्तू म्हणाला, "अण्णा, म्या म्हन्तो." अण्णांनी नाही म्हणून मान हलवली. ज्या तोंडानं बोलावलं त्याच तोंडानं धाडायचं असतं.

त्यांचं ऑपरेशन झालं. गाठ गेली, आवाजही गेला. कानाशी धरलं तरच कळेल अशी कुजबुज तेवढी राहिली. आणि तेवढ्यात तो कार्यक्रम लागला. सगळ्या हाका, एकही न कापता! लोकांचे अभिनंदनाचे फोन सुरू झाले. अण्णा टीव्हीसमोर डोकं धरून बसले होते. मला जवळ ओढून कानात म्हणाले, "घराघरात बोलावून ठिवले की रं. आता धाडनार कोन?"

मी म्हणालो, दुकानातला स्पीकर आणतो, त्यावर म्हणा. ते म्हणाले, "सोनारीपुरतं बोलावलं आसतं तर जमलं आसतं."

काकूंनी तो चौक हलवू दिला नाही. देव बसलेत म्हटल्यावर झाडू कसा मारायचा? घरातली माणसं भिंतीच्या कडेकडेनं चालायला लागली. पाहुणा आला की अंगणात बाज. उंदरांनी तांदूळ नेले की काकू नवे टाकायच्या आणि हात जोडून म्हणायच्या, "बसा बाबानू. आमचाच इलाज न्हाय."

* * *

शेवटचा किस्सा सांगतो आणि कामाला लागतो.

अण्णांना जीवनगौरव जाहीर झाला. एका वाहिनीचाच सोहळा. मला वाटलं, ते पत्र फाडतील. त्यांनी माझा कान जवळ घेतला आणि एवढंच विचारलं, "थेट दावनार हायत का? माईक आसंल का?"

झगमगाट विचारू नका! अण्णांना शाल घातली, चिन्ह दिलं. सूत्रसंचालिका गोड हसून म्हणाली, "अण्णा, आपल्याकडं एकच मिनिट आहे. त्या प्रसिद्ध हाकांची फक्त एक झलक!"

मशालीला इथंही बंदी. बापूनं कुणी न सांगता मोबाइलचा लाइट लावला आणि हात वर केला. ते बघून समोरच्या हजारभर लोकांनीही आपापले मोबाइल वर करून डोलवायला सुरुवात केली. अण्णांनी माईक अगदी ओठाला लावला. आतून खरखर आली आणि मग शब्द. मुरुमची मरीआई.

दत्तूचा हात हवेतच थांबला. हे हाकेतलं शेवटचं नाव. अण्णा बोलावत नव्हते. दत्तूनं माझ्याकडं बघितलं, ताल बदलला आणि मी सूर ओढला. आई, आपल्या ठाण्याला जा. मग उमरग्याचा महादेव. देवा, आपल्या ठाण्याला जा.

सूत्रसंचालिका म्हणाली, "वा! घेऊया एक छोटीशी विश्रांती!" बँडचं संगीत सुरू झालं. माईक बंद पडला. अण्णा थांबले नाहीत. एकेक नाव घेत राहिले, पार सोनारीच्या काळभैरवापर्यंत, तुळजापूरच्या आईपर्यंत. शेजारी उभा होतो म्हणून मला तेवढे ओठ दिसत होते.

रातोरात परतीची गाडी धरली. दुसऱ्या दिवशी सोनारीला पोचलो. सोप्यात पाऊल टाकताना मी सवयीनं भिंतीकडून वळलो आणि थबकलो. चौक नव्हता! फरशी पुसून लख्ख केली होती आणि मधोमध अण्णांसाठी सतरंजी टाकली होती.

"काकू," मी विचारलं, "टीव्हीवर किती ऐकू आलं?"

"मुरुमची मरीआई उटली. उमरग्याचा महादेव उटला. मग साबनाची जाहिरात लागली."

"मग चौक कसा उचलला? बाकीचे समदे?"

काकूंनी अण्णांच्या हातात पाण्याचा तांब्या दिला आणि त्यांच्याकडं बघतच म्हणाल्या, "दोगं उटल्यावर बाकीचे बसून ऱ्हात्यात व्हय? येकमेकांचं बगून उटले आसतील!"