मीच काढलेला रॅम्प

"ट्रान्सव्हर्स मायलायटिस," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी एमआरआयच्या फिल्मवर पेन टेकवलं. म्हणजे पाठीच्या कण्यातून जाणाऱ्या मज्जारज्जूला आलेली सूज. "पैर वापस आ सकते हैं, मैडम. कितने, ये अभी नहीं कह सकता."

त्याआधी चार दिवस पायांना नुसत्या मुंग्या येत होत्या. पाचव्या दिवशी सकाळी पलंगावरून उतरायला गेले आणि थेट जमिनीवर बसले. लखनौला येऊन आम्हाला अकरा वर्षं झाली होती. माझा नवरा श्रीकांत बँकेत आहे. मी गोमती नगरमध्ये एका आर्किटेक्टच्या ऑफिसात इमारतींचे नकाशे काढते.

इस्पितळात पाच दिवस सलाईनमधून स्टेरॉइड दिली. लघवीसाठी कॅथेटर, म्हणजे नळी, लावली होती. ती निघाली तेव्हा बरं वाटलं. पण वॉर्डातल्या बाथरूमच्या दारातून व्हीलचेअर आत जाईना. दोन आया मला उचलून नेत. फार मायेनं नेत. तरी दर वेळी मी डोळे मिटून घ्यायचे. त्या दिवसांत मला एकच ओढ होती, एकटीनं आत जाऊन कडी लावायची.

घरी आल्यावर दीड महिन्यानं पुन्हा एमआरआय करायचा होता. सेंटर नवं होतं. गाडी थांबली आणि मी ते ओळखलं. त्याचा नकाशा मीच काढला होता. मालकाला समोर रुंद पायऱ्या हव्या होत्या, म्हणून रॅम्प मागे जनरेटरच्या शेजारी ढकलला. दोन फूट चढायला चोवीस फूट लांब उतार लागतो, हे मला पाठ होतं. जागा कमी पडली, तेव्हा मी तो आठ फुटांत बसवला.

श्रीकांतनं जोर लावला. खुर्ची अर्ध्यावर गेली आणि मागे घसरली. गार्ड धावत आला, दोघांनी मिळून मला वर नेलं.

"कुठल्या गाढवानं काढलाय हा?" श्रीकांत धापा टाकत म्हणाला.

"मी."

त्यानं माझा हात हातात घेतला, आतून माझं नाव पुकारलं जाईपर्यंत सोडला नाही.

फिजिओथेरपीला अमीनाबादचे एक वयस्कर शिंपी यायचे, रहमत चाचा. पक्षाघातानंतर ते वॉकर घेऊन चालत. मी कामाला परत लागले तेव्हा ऑफिसात एका छोट्या दवाखान्याचं काम आलं होतं. त्याचा नकाशा मी चाचांना दाखवला. कागदावरचं त्यांना उमगेना, म्हणून फिजिओच्या हॉलमध्ये जमिनीवर खडूनं उताराची लांबी आखली. चाचा त्यावरून सावकाश चालले आणि मध्येच थांबले.

"बिटिया, यहाँ एक बैठने की जगह रखना. पैर तो चल देते हैं, साँस नहीं चलती." मग म्हणाले, "और रेलिंग लकड़ी की. ठंड में लोहा पकड़ा नहीं जाता."

इतक्या वर्षांत हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी कोणाला विचारलंच नव्हतं.

नव्या नकाशात मी उतार दवाखान्याच्या समोर घेतला. ऑफिसातले सर तो बघून म्हणाले, "डॉक्टर की पार्किंग चली जाएगी."

"जाने दीजिए, सर," मी म्हटलं. दोन आठवडे वाद झाला, पण अखेर उतार समोरच झाला.

आता घरात मी वॉकरनं चालते, बाहेर खुर्ची लागते. डॉक्टर म्हणतात, यापुढे फारसा फरक पडणार नाही. संध्याकाळी हजरतगंजात पायी भटकायची इच्छा अजून जात नाही. तुमच्यापैकी कोणी आज असाच रिपोर्ट घेऊन बसलं असेल, तर ती इच्छा मरते असं खोटं मी सांगणार नाही.

गेल्या महिन्यात ताप आला म्हणून त्याच दवाखान्यात गेले. श्रीकांतला गाडीतच थांबायला सांगितलं. खुर्चीची चाकं फिरवत उतारावरून एकटी वर गेले, दार ढकललं, आत गेले. बाकावरची एक बाई जरा सरकली, एवढंच. कोणी वळून पाहिलं नाही. नाव सांगून मी चारचौघांसारखी बसून राहिले. नंबर यायला पाऊण तास लागला. इतका सुखाचा कंटाळा मला कित्येक महिन्यांत आला नव्हता.