शेवटच्या बाकावरची पाच वर्षं

आधीच सांगून टाकते. अंगात येणाऱ्या बाईलासुद्धा "आधी मापाचा ब्लाउज द्या, मग घुमा" म्हणणारी मी बाई आहे. सोनईत माझं शिलाईचं काम आहे. करणी, उतारा, लिंबू-मिरची... कशावर म्हणून विश्वास नाही. त्यामुळे हे लिहिताना माझा मलाच राग येतोय. पण कुणाला तरी सांगायलाच हवं, आणि घरात सांगायची सोय नाही.

आमचे हे दुधाच्या टेम्पोवर ड्रायव्हर. दारू लई. गावाने सल्ले देऊन झाले होते. माळ घाला, शपथ घ्या, चहात पावडर टाका. पावडरही टाकली. जुलाब झाले, दारू जागच्या जागी! मग कळलं की दारू सोडलेल्यांची मीटिंग भरते. कुठे भरते, हे मात्र कुणाला धड माहीत नाही. एकाने दिलेला नंबर बंद. दुसऱ्याने सांगितलेल्या शाळेला कुलूप. दारूचं दुकान विचारा, शेंबडं पोरही बोट दाखवेल. सोडायची जागा विचारली की सगळे आभाळाकडे बघतात.

शेवटी कोल्हारचा पत्ता लागला. रविवारी सकाळी अकरा वाजता, शाळेच्या वर्गात. महिन्यातून एकदा ओपन मीटिंग असते, तेव्हा घरच्यांनाही बसता येतं. "येतो" म्हणून ह्यांनी कबूल केलेलं... आणि त्या दिवशी सकाळी सातलाच खाटेवर आडवे! सासूबाई म्हणाल्या, "न्हाई उठायचा त्यो. तू तरी कशाला जाती?" मी चिडून एकटीच निघाले. सोनई-राहुरी एक एसटी, राहुरीहून दुसरी. रस्त्याच्या खड्ड्यांनी कंबरडं मोडलं. ही अडीच वर्षांपूर्वीची गोष्ट.

वर्गात चौघे पुरुष होते. मीटिंग चालवणारे पिकल्या मिश्यांचे एक काका म्हणाले, "या ताई, बसा. हितं कुणी कुणाला नाव ठेवत न्हाई." मी लाजेने पहिल्या बाकावर मान खाली घालून बसले. त्यांनी काहीतरी वाचलं. "फक्त आजचा दिवस प्यायची नाही, उद्याचं उद्या" असं होतं. मग मागच्या, शेवटच्या बाकावरून एकजण बोलायला लागला.

"मी मद्यपी हाय. आज पाच वर्सं झाली. बाटली मी बायकोच्या चिंध्यांच्या पिशवीत लपवायचो. तिचीच पिशवी, तिथं ती हुडकनार न्हाई. एक दिवस ती कुठंतरी गेल्ती. आली अन् बाटली माझ्यापुढं ठेवली. बोलली न्हाई कायबी. मला वाटलं, शिव्या दे, पन बोल..."

मला रडूच फुटलं. वाटलं, बघा, लोकांचे नवरे सुधारतात. डोळे पुसून मागे वळले तर बाक रिकामा. काकांना विचारलं, "मागचे ते कोण होते?" तर म्हणाले, "ताई, हितं कोन आलं, काय बोललं, ते हितंच ऱ्हातं. नियम हाय." इतका राग आला! म्हटलं, जळो तुमचा नियम.

घरी आले. हे तसेच पडलेले. सासूबाई म्हणाल्या, दिवसभर कूससुद्धा बदलली नाही. सहज मशीनखालची चिंध्यांची पिशवी ओढली... आत क्वार्टर. मी ती ह्यांच्यापुढे ठेवली. ते शब्द आठवून मुद्दाम नाही. तोंडातून अक्षरच फुटेना. आणि ह्यांनी काय करावं? उठले आणि तीच प्यायले!

आठ महिने गेले, मग काय वाटलं कोण जाणे, स्वतःहून कोल्हारला आले. मध्ये दिवाळीत एकदा घसरले, मोजणी पुन्हा पहिल्यापासून. दोन महिन्यांपूर्वी एक वर्ष पुरं झालं. तिथे त्याला वाढदिवस म्हणतात. मी पुन्हा पहिल्या बाकावर. आणि मागून आवाज आला, "मी मद्यपी हाय. आज एक वर्स झालं. बाटली मी बायकोच्या चिंध्यांच्या पिशवीत..."

शब्द न् शब्द तोच. फक्त पाचाच्या जागी एक.

वळून बघितलं. शेवटचा बाक, आणि हे. न प्यालेला ह्यांचा आवाज इतकी वर्षं कानावर पडलाच नव्हता हो... पहिल्यांदा ओळखणार कशी?

चहाच्या वेळी काकांना गाठलं. "नियम राहू द्या. त्या दिवशी मागे कोण बोललं?" ते म्हणाले, "ताई, मागं कुनीच न्हवतं. तवा मला वाटलं, तुमी आमच्यातल्याच कुनाचं नाव इचारताय. आमी चौघं तुमच्या शेजारच्या ओळीत हुतो. तुमी रडत हुत्या, म्हनून धा मिनिटं आमी सगळे गप बसलो हुतो."

ह्याचा अर्थ काय लावायचा? दोन महिने डोकं फोडतेय, काही हाती लागत नाही. ह्यांना सांगावं, तर दारुड्याची जात मी ओळखून आहे. "पाच वर्षं पक्की हायेत व्हय? मग आज एक चालतीय की!" म्हणतील, आणि त्या एकावर सगळं संपेल. म्हणून गप्प बसते. पाच वर्षं माझ्या एकटीच्या कानात, आणि ह्यांच्याकडे फक्त आजचा दिवस.

काल चौदा महिने झाले. पाच वर्षांचा आवाज मी ह्या कानांनी ऐकलाय, तरी रोज संध्याकाळी मशीन बंद केलं की आधी चिंध्यांची पिशवी चाचपते.