टॉवरला शिव्या देणारा टांगेवाला

धुळ्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक टांगेवाला उभा असे. समोरच्या घड्याळाच्या टॉवरला शिवी हासडल्याशिवाय त्याचा टांगा हलत नसे. "गोरा साहेब गया नि हाई मोडकी चिलीम आठे ठेई गया," हे तो प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवी.

एकदा टांग्यात माझ्याशेजारी बसून पुण्याचे एक गृहस्थ स्टेशनला निघाले होते. टॉवर बघून ते हसले, "हेच का तुमच्या गावचं भूषण? आमच्याकडे गिरणीचं धुराडं याहून बरं असतं!"

टांगा थांबला.

"उतरा खाले. त्याले शिव्या आम्ही देसूत. तुम्ही कोन?"

भर उन्हात ट्रंक उतरवत गृहस्थांनी चिडून विचारलं, "आता स्टेशनला जायचं कसं?"

टांगेवाल्यानं चाबूक टॉवरकडे केला.

"ते धुराडं दिसस ना? तठून डावीकडे."