जिभेखालची गोळी

शिरगावच्या देवीची जत्रा जवळ आली होती आणि बाबांचं कडक सोवळ्याचं व्रत चालू होतं. छातीत कळ येऊन ते ओसरीवरच कोसळले. डॉक्टरांनी दिलेली गोळी मी पुढे केली, तर त्यांनी दात आवळले.

“न्हाल्याशिवाय तोंडात काय घालूचंय नाय.”

“बाबा, गिळूची नाय, नुसती जिभेखाली धरा!”

“तू जा, तुझी पत्रकां वाट.”

राजभाषा आंदोलनासाठी मी गावोगाव वाटत असलेल्या पत्रकांतून असल्या सोवळ्यावरही मी कोरडे ओढले होते. इथे त्यांचा काडीचा उपयोग नव्हता. बाबांचे ओठ काळेनिळे पडत होते. न्हायला विहिरीपर्यंत त्यांना नेणं शक्यच नव्हतं. संतापून मी पाण्याने भरलेली कळशी उचलली आणि तिथेच त्यांच्या डोक्यावर ओतली. तेव्हा कुठे त्यांनी तोंड उघडलं. गोळी जिभेखाली सरकवून, त्यांची हनुवटी घट्ट धरून मी ओरडत राहिलो, “विरघळ गो, लवकर विरघळ!”