झाकून ठेवलेलं वजन

जेवण अंमळ जास्तच झालं आहे आणि पंखा वरून नुसती गरम हवा ढकलतो आहे. मृदुला घोरपडे टेबलावर हात दुमडून त्यांवर गाल टेकते. झोपायचं नाही, फक्त डोळे मिटायचे, असं ती स्वतःला बजावते. दुपारी ऑफिसात झोपणारी सगळीच माणसं स्वतःला असंच बजावत असतात. खोलीचं दार तिने आतून लावलं आहे. हाताशी चहाचा कप आहे, त्याच्या पलीकडे संगणक, आणि संगणकावर एकच प्रश्न उभा आहे: आकडा उघडायचा का? खाली दोन चौकोन आहेत, होय आणि नाही. गटातल्या बाकी सगळ्यांनी आपापलं ‘होय’ देऊन टाकलं आहे. मृदुलाचं तेवढं राहिलं आहे, आणि चहाच्या सुट्टीनंतर सगळे तिच्या उत्तरासाठी जमणार आहेत.

आकडा म्हणजे एका दीर्घिकासमूहाचं वजन. शेकडो दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या वसाहती, एकत्र नांदणारं हे खटलं आपल्यापासून इतकं लांब आहे, की त्याला काट्यावर घालण्याचा एकच उपाय उरतो. त्याच्याही पार मागे ज्या दीर्घिका आहेत, त्यांचा प्रकाश आपल्याकडे येताना या समूहाच्या वजनाने किंचित वाकतो, आणि त्यांची चित्रं जराशी ताणलेली दिसतात. हजारो चित्रांचा हा ताण मोजला की समूहाचं वजन कळतं. ते दिसणाऱ्या ताऱ्यांपेक्षा आणि वायूपेक्षा कितीतरी जास्त भरतं. वरचं सगळं कृष्णद्रव्याचं, म्हणजे जे आहे पण दिसत नाही त्याचं. आता शास्त्रज्ञ झाला तरी माणूसच. मनासारखं उत्तर दिसलं की तो तिथेच थांबतो. म्हणून या गटाची रीत अशी, की पद्धत सगळ्यांना पटेपर्यंत खरं वजन झाकून ठेवायचं. संगणक ते एका गुप्त संख्येने गुणून ठेवतो आणि सगळ्यांचा होकार आल्याशिवाय कुणालाच दाखवत नाही.

ही रीत गटाला लावली ती तांबोळी सरांनी. आणि सर दिवाळीच्या आधी गेले, आकडा न बघता.

वेलदोड्याचा वास येतो. पंख्याची कुरकुर कुणाच्या तरी बोलण्यासारखी वाटू लागते आणि मग ते बोलणंच असतं.

“काय गं, झोपलीस व्हय?”

“नाही सर. डोळे मिटलेत फक्त.”

“मग चहा उघडा कशाला टाकलास? धूळ पडती की.”

रशीद तांबोळी समोरच्या खुर्चीवर बसले आहेत. ते गेलेले आहेत हे मृदुलाला ठाऊक आहे, पण त्याचं तिला आश्चर्य वाटत नाही. आश्चर्य वाटतं ते एवढ्या उन्हाळ्यात त्यांनी स्वेटर घातल्याचं. ते खिशातून काचेची तबकडी काढतात आणि कपावर अलगद ठेवतात. वाईनच्या ग्लासचा तुटलेला पाय आहे तो. परदेशातल्या एका परिषदेच्या जेवणात कुणाचा तरी ग्लास फुटला, तेव्हा आयुष्यात थेंबाला न शिवलेल्या या मिरजेच्या गृहस्थाने त्याचा पाय रुमालात बांधून घरी आणला. आलेखाच्या कागदावर तो ठेवला की सरळ रेघा वाकतात आणि शाईचा ठिपका पसरून कडं होतो. गुरुत्वीय भिंग असंच असतंय बघा, असं ते शाळाशाळांतून पोरांना दाखवत हिंडायचे. इतर वेळी तोच पाय त्यांच्या वेलदोड्याच्या चहावरचं झाकण. संस्थेत त्यावरून त्यांची चेष्टा व्हायची, आणि त्यांना ती आवडायची.

“सर, आज उघडतायत,” मृदुला म्हणते.

“माहिताय. म्हणून तर आलो.”

टेबल लांबत जातं. त्यावर पांढरी चादर येते, कडेला सलाइनची बाटली. सर आता पलंगावर मांडी घालून बसले आहेत आणि मृदुला मोसंब्यांची पिशवी धरून उभी आहे. खऱ्या आयुष्यात ती या वॉर्डात कधी आलीच नव्हती. मिरज काही चंद्रावर नाही, सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं, पण तिला कधी सेमिनार होता, कधी परीक्षा होत्या. सरांची खुशाली त्यांच्या पत्नी, शमीमभाभी, फोनवर कळवायच्या तेवढीच. मोसंबी कुठे ठेवावीत ते तिला कळत नाही.

“ठेव खाली. आणि हे निवडू लाग.”

त्यांच्या मांडीवर परात आहे आणि परातीत तांदूळ. मृदुला वाकून बघते. परातीच्या मधोमध काहीच नाही, पण सगळे दाणे त्या रिकाम्या जागेभोवती गोल कललेले आहेत. सगळे म्हणजे, बहुतेक. मधूनमधून काही दाणे आपल्याच तोऱ्यात वाटेल तसे पडले आहेत.

“हे का नाही कलले?” सर विचारतात. वर्गात विचारायचे तसंच, उत्तर माहीत असल्याचं तोंडावर दिसू न देता.

“ते मागचे नाहीत म्हणून. समूहातलेच आहेत.”

“मग?”

“त्यांचा प्रकाश समूहाच्या मागून येतच नाही. मग वाकणार कुठून?”

“आणि तू त्यांना मागच्यांत धरलंस तर?”

“सरासरी ताण कमी येतो. वजन कमी भरतं.”

“घरचीच माणसं परकी समजून मोजलीस बघ,” सर म्हणतात आणि एक दाणा उचलून बाजूला ठेवतात.

हेच ते सांगत होते, सबंध पावसाळाभर. समूहातल्या अंधूक दीर्घिका मागच्यांत मिसळल्या आहेत, रंगावरून एकेक वेगळी काढ. आणि मृदुला म्हणत होती, बघू पुढच्या आठवड्यात. कारण साधं होतं. एवढं गाळलं तर हाती राहणाऱ्या दीर्घिका फार कमी होतात, उत्तर ढोबळ येतं, आणि ढोबळ उत्तराला कोण विचारतो? शिवाय म्हाताऱ्याच्या या खुसपटांचा तिला कंटाळा आला होता. हो, कंटाळाच. आता तो शब्द आठवला की तिला स्वतःची लाज वाटते.

“मी आत्ताच उघडते,” ती घाईघाईने म्हणते. फोन तिच्या हातात आहे आणि त्यावर तोच प्रश्न, तेच दोन चौकोन. “तुम्ही बघा, सर. माझ्याआधी तुम्ही बघा.”

सर फोनवर तळहात ठेवतात. तळहात गार आहे.

“नको.”

“तुम्हीच तर फोनवर म्हणाला होतात, मला फक्त आकडा सांग म्हणून.”

“निवडून झाल्यावर सांग म्हणालो होतो.”

“आणि मी म्हणाले, बरे होऊन या, मग मिळून उघडू.”

“छान म्हणालीस. समदे तसंच म्हणत्यात.”

“मला तेव्हा माहीत होतं सर, तुम्ही बरे होणार नाही ते. शमीमभाभींनी सांगितलं होतं. तरी मी तसं म्हणाले. काम टाळता यावं म्हणून म्हणाले.”

“मलाबी माहीत होतं की.” ते आणखी एक दाणा उचलतात. “पर तू एवढ्या गोडीनं म्हणालीस, की मी आपला हो म्हणलो.”

मृदुलाला रडू फुटतं. इतके महिने आलं नव्हतं, ते आता हुंदक्यांनी येतं. त्यांच्या अंत्ययात्रेला ती गेली होती, शोकसभेत बोललीही होती, नीट, मुद्देसूद. तेव्हा डोळ्यांत टिपूस नव्हतं.

“अगं, लांब हो जरा,” सर म्हणतात. “तांदूळ भिजत्यात.”

वॉर्डाचं दार संस्थेच्या गच्चीवर उघडतं. भर उन्हात आकाश काळं आहे आणि दीर्घिका दिसताहेत, बारीक, बाकदार, एका अंधाऱ्या जागेभोवती फेर धरलेल्या. सर पायांत चपला अडकवून तिकडे निघतात.

“तिथून दिसत असेल ना तुम्हाला,” ती मागून ओरडते, “किती आहे ते?”

“तिथं कुठला आलाय वजनकाटा?”

“म्हणजे तुम्हालाही माहीत नाही?”

“तू सांगितल्याबिगर कसं कळंल?”

“वेळ लागेल, सर. सगळं पहिल्यापासून करायचं तर दिवाळी उजाडेल.”

ते वळून बघतात. स्वेटरची वरची गुंडी लावतात.

“मला कुठं जायचंय?”

फोन थरथरतो. मृदुला डोकं उचलते. गाल ओला आहे आणि बाहीसुद्धा. पलीकडून निनाद बोलतो आहे, गटातला सगळ्यांत उत्साही माणूस. “मॅडम, सगळे आलेत. तुमचं ‘होय’ आलं की उघडतो.”

“आज नाही उघडायचं,” ती म्हणते. आवाज घोगरा आहे. “समूहातल्या दीर्घिका आधी गाळायच्या. सगळ्या, रंगावरून.”

“अहो, पण ते तर तांबोळी सरांचं जुनंच...”

“हो. त्यांचंच.”

मग निनाद सावकाश म्हणतो, “ठीक आहे मॅडम. कळवतो सगळ्यांना.”

ती ‘नाही’वर टिचकी मारते. प्रश्न निघून जातो. ती चहाकडे हात नेते, आणि बोटांना काच लागते.

कपावर ती तबकडी आहे. शमीमभाभी स्वतः येऊन देऊन गेल्या होत्या, “तुमच्या कामाचं दिसतंय” म्हणून, आणि मृदुलाने ती कागदात गुंडाळून कपाटात ठेवली होती, कारण तिच्याकडे बघवत नव्हतं. कपाटाला कुलूप आहे. दाराची कडी आतून लागलेली आहे. ती तबकडी उचलते. काचेच्या खालच्या अंगाला वाफेचे थेंब जमले आहेत आणि त्यांना वेलदोड्याचा वास आहे. कँटीनवाला चहात कधी वेलदोडा घालत नाही.

“मी निवडते, सर,” ती रिकाम्या खुर्चीला म्हणते. “निवडते आणि मग सांगते.”

एवढंच तर म्हणायचं होतं तेव्हा फोनवर. ते हो म्हणाले असते, आणि वाट बघायला त्यांच्याकडे काहीतरी राहिलं असतं.

चहा अजून गरम आहे. ती तबकडी पुन्हा कपावर ठेवते आणि पहिल्या दीर्घिकेचं चित्र उघडते.