बी.एड.चं कर्ज आणि मानवतची आत्या

आमच्या अण्णांना कुठलाही निर्णय घरात बसून घेता येत नसे. ते एस.टी.त कंडक्टर होते, पाथरी–परभणी गाडीवर. पन्नास माणसं एका पत्र्याखाली आयती बसलेली असताना घरातल्या चौघांना विचारत बसणं हा त्यांना वेडेपणा वाटायचा. आईच्या गुडघ्याला कोणतं तेल लावावं, हे गाडीत ठरलं होतं. घराला निळा रंग द्यावा की पिवळा, हेही गाडीतच विचारलं गेलं. घर शेवटी हिरवं झालं, कारण कोल्हा या थांब्यावर चढलेल्या एका रंगाऱ्याकडे हिरवाच रंग उरला होता आणि तो स्वस्तात द्यायला तयार होता.

मी बी.एस्सी. झाले आणि एका नव्या, विनाअनुदानित कॉलेजात मला बी.एड.चा प्रवेश मिळाला. फी ऐकून आईनं हातातलं लाटणं खाली ठेवलं. अण्णांचा आठ महिन्यांचा पगार होत होता तो. कामगारांच्या पतपेढीतून कर्ज मिळालं असतं, पण ते पुढची पाच वर्षं दर महिन्याला पगारातून कापलं गेलं असतं.

अण्णा म्हणाले, "दहा शिकलेल्या माणसांना इचारतो. डिग्रीला घातलेले पैसे वसूल झाले का? सहा जण हो म्हणले तर अर्ज भरतो."

"अन् पाचच म्हणले तर?" मी विचारलं.

"तर मग आक्कानं आणलेलं स्थळ बघू."

आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, माझी आत्या. मानवतला तिची पिठाची गिरणी होती. नवरा गेल्यावर तिनं ती एकटीनं चालवली होती, आणि मशीनच्या आवाजावर बोलायची सवय झाल्यामुळे देवळातसुद्धा ती ओरडूनच बोलायची. माझ्यासाठी तिनं एक स्थळ धरून ठेवलं होतं.

पाचवर थांबायची माझी तयारी नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीला मीही निघाले. अण्णांनी मला पूर्ण तिकीट फाडून दिलं आणि पैसे स्वतःच्या खिशातून पिशवीत टाकले. त्या बाबतीत ते फार कडक. गाडी सुटायला वेळ होता. मी पाथरीच्या स्टँडवर शर्टाच्या खिशाला पेन लावलेली माणसं हेरायला सुरुवात केली. आईनं केलेली शेंगदाण्याची चिक्की माझ्या पिशवीत होती.

"काका, परभणीला चाललाव का? शिकलेले दिसता."

माणूस खूश व्हायचा.

"कंडक्टर काही इचारतील. तेवढं हो म्हणा." आणि हातात चिक्की.

पहिल्या तिघांनी छान वठवलं. एका ग्रामसेवकानं तर डिग्रीमुळे आपला दमा कमी झाला असंही सांगितलं. अण्णांनी एका जुन्या रद्द तिकिटावर पंचनं उजवीकडे, म्हणजे 'हो'च्या बाजूला, तीन भोकं पाडली. मी खिडकीबाहेर बघत होते, अगदी निरागस चेहरा करून.

चौथा माणूस दोन पेनं लावून बसला होता. दोन पेनं म्हणजे किमान एम.ए., असा माझा हिशोब.

"डिग्रीचे पैसे वसूल झाले का?" अण्णांनी विचारलं.

"झाले की! लय वसूल झाले!"

"कोणची डिग्री?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी मान फिरवली.

"तीच की... मोठी."

"कुठून केली?"

"घरूनच."

अख्खी गाडी हसली. तो बैलबाजारातला दलाल निघाला. सहीसुद्धा येत नव्हती.

"मग दोन पेनं कामून लावलीत?"

"साहेब, पेन दिसला की गिऱ्हाईक जास्ती घासाघीस करत न्हाई. अन् त्या पोरीनं चिक्की देली म्हणून हो म्हणलो. चिक्की चांगली हाय."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. ओरडले नाहीत. ते तिकीट त्यांनी फाडून खिडकीबाहेर सोडलं, दुसरं काढलं आणि म्हणाले, "आता पहिल्यापासून. अन् चिक्की हिकडं दे."

उरलेली चिक्की त्यांनी आणि ड्रायव्हरकाकांनी मानवतपर्यंत संपवली.

मानवतला आत्या चढली. केसांत पीठ, हातात एका पोरगेल्याशा माणसाचं मनगट. मला वाटलं, हाच तो नवरा. पण तो बी.एड. झालेला बेकार होता, आणि कौलाची खबर लागताच आत्यानं त्याला खास माझ्यासाठी गाठून आणला होता. म्हणजे कौलात हात घालणारी मी एकटी नव्हते.

"ह्याला इचार!" आत्या ओरडली. पुढच्या बाकावरचं लेकरू दचकून उठलं.

तो माणूस लाजत म्हणाला, "बी.एड. होऊन दोन वर्षं झाली. दर महिन्याला परभणीला रोजगार कार्यालयात चक्कर मारायलोय. तिकिटाचे पैसे वडील देतात."

मागून कुणीतरी म्हणालं, "कॉलेजं तर बंदच ऱ्हायलीत सारखी. डिग्रीवर विद्यापीठाचं नाव कोणतं येणार तेच ठरंना, अन् तुमी पैसे भरायलाव?"

विद्यापीठाच्या त्या नामांतरावरून आमच्या भागात माणसांची घरं जळाली होती. ज्यांची जळाली तेही त्याच गाडीनं जायचे आणि ज्यांनी जाळली तेही. तो विषय निघाला की सगळे खिडकीबाहेर बघायचे.

मीच धीर करून त्या बेकाराला विचारलं, "तुमचे विषय कोणते?"

"मराठी आणि इतिहास."

"अन् गणित-सायन्सवाल्यांचं काय?"

आत्यानं त्याला कोपरानं ढोसलं, पण माणूस प्रामाणिक होता. "त्यांना बोलवत्यात. माझ्यासंगच्या दोघांना लागली. पण ताई, कॉलेजला मान्यता हाय का ते आधी बघा. नुसतं माहितीपत्रक बघून पैसे भरू नका. आमच्यातले काही जण तसेच फसले."

"मग तुझं हो धरू का न्हाई?" अण्णांनी पंच वर धरला.

"माझं न्हाई. ह्यांचं... असंल बी हो."

अण्णांनी तिकिटाच्या बरोबर मधोमध भोक पाडलं. आत्या त्या माणसावर इतकी चिडली की त्याचं मनगट सोडून तिनं बाकही बदलला.

कौल पुढे आठवडाभर चालला आणि ते मधलं भोक सोडून चार-चारवर अडला. नववा माणूस होमगार्ड होता, त्याची डिग्री धरायची की नाही यावर गाडीत भांडण झालं. मग आत्या म्हणाली, "बास झालं. रविवारी पावणे येणार हायेत. बघून घ्या."

रविवारी आम्ही मानवतला गेलो. मुलगा इंजिनिअरिंगची डिग्री केलेला, दिसायला बरा, खायला त्याहून बरा. त्याचे वडील मोठे हुशार. पोहे संपल्यावर त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि अण्णांपुढे ठेवला.

"हुंडा-बिंडा आमी मागत न्हाई. फक्त पोराच्या शिक्षणाला कर्ज काढलंय, तेवढं तुमी उचला."

अण्णा कागद बघत राहिले. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते, मला आकडा दिसला. माझ्या बी.एड.च्या फीच्या दुप्पट होता. आणि मला भीती वाटली ती याची, की अण्णा मान हलवू लागले होते. गाडीत सगळ्यांशी हुज्जत घालणारा माणूस पावण्यांपुढे मेंढरासारखा व्हायचा.

"जरा थांब," आत्या म्हणाली. गिरणी बंद होती, तरी आवाज तोच. "म्हंजे कर्ज तुमचं, डिग्री पोराची, अन् फेडायचं आमी?"

"रीतच हाय बाई."

"अन् डिग्री ऱ्हाणार कोणाकडं?"

"पोराकडंच की."

"मग आमाला काय मिळणार?"

"जावई."

आत्यानं जावयाकडे नीट बघितलं. तो चौथी चकली उचलत होता. "मार्कलिस्ट दाखवा बरं," ती म्हणाली.

असं कुणी कधी मागितलं नव्हतं. पण नाही म्हणणार कसं? पिशवीतून मार्कलिस्ट निघाली. आत्याला वाचता येत नव्हतं, म्हणून तिनं ती माझ्या हातात दिली. नवरी मुलगी नवऱ्या मुलाचे गुण वाचतेय, आणि तेही मोठ्यानं! मी वाचले. शेवटी म्हणाले, "दोन विषय राहिलेत."

"दोन ऱ्हायलेत?" आत्या पावण्यांकडे वळली. "अन् पैसे पुऱ्या डिग्रीचे सांगायलाव?"

मला हसू आवरेना. ट्रे वाकडा झाला आणि चहा त्या कागदावर सांडला. आकडा गेला. माफी मी मागितली, पण पुसायची घाई केली नाही.

पावणे गेल्यावर आत्यानं अण्णांना समोर बसवलं.

"दुसऱ्याच्या पोराच्या डिग्रीचं कर्ज फेडायला मान हलवायलतास. अन् आपल्या पोरीच्या डिग्रीला गाडीत मतं मागायलास? लाज कशी वाटंना तुला?"

"आक्का, स्थळ तूच आणलंस ना! तूच म्हणली होतीस की..."

"मी लय काय काय म्हणते. सगळं ऐकायचं असतंय का?"

अण्णांनी पतपेढीचा अर्ज आणला. दोन जामीन लागत होते. डेपोतल्या एका मेकॅनिकनं सही दिली. दुसरे ड्रायव्हरकाका. आठवडाभर त्यांच्या पाठीमागे एवढा गदारोळ झाला, पण त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं. त्यांनी फक्त "सही कुठं?" एवढंच म्हटलं.

पैसे भरायच्या आधी अण्णा खाकी ड्रेसवर थेट कॉलेजात गेले आणि पास तपासावा तसं क्लार्कला म्हणाले, "मान्यतेचं पत्र दाखवा." क्लार्क चिडला. अण्णा तासभर टेबलासमोर उभे राहिले. पत्र निघालं, अण्णांनी शिक्क्यासकट वाचलं, मगच पिशवी उघडली.

पुढचं सगळं गोड झालं असं नाही. बंद, मोर्चे, पुढे ढकललेल्या परीक्षा. एका वर्षाचं बी.एड. दीड वर्ष चाललं. मग चौदा महिने नोकरी नाही. मी शिकवण्या घ्यायचे आणि पगाराच्या दिवशी घराबाहेर राहायचे, कारण कापून आलेला पगार अण्णा आईच्या हातात देताना मला बघवत नसे. आईनं त्या दिवाळीला साडी घेतली नाही. मला जुन्या साड्याच आवडतात, असं ती म्हणाली. ती खोटं फार वाईट बोलायची.

एकदा मी अण्णांना विचारलं, "चूक झाली का आपली?"

ते हाताला लागलेली तिकिटांची शाई धूत होते. "गाडी सुटल्यावर मधीच उतरणाऱ्याला पैसे परत मिळत न्हाईत," ते म्हणाले. "बसून ऱ्हा. येतंय गाव."

वालूरच्या एका शाळेत रजेच्या जागेवर मला सहा महिन्यांसाठी घेतलं, गणिताला. रजेवर गेलेल्या बाई परत आल्याच नाहीत. मी कायम झाले. शेवटच्या दोन वर्षांचे हप्ते मी भरले. मला स्वतःला कुणी आज तोच प्रश्न विचारला तर त्या चौदा महिन्यांसाठी मी नाही म्हणेन आणि बाकीच्यासाठी हो. भोक कुठं पाडायचं ते विचारणाऱ्यानं बघावं.

आत्यानं मात्र माझ्या नोकरीनंतर गिरणीत सल्ल्याचं दुकानच उघडलं. दळण घेऊन आलेली माणसं कर्जाचं विचारायची आणि ती मशीन चालू ठेवूनच ओरडायची, "मान्यता हाय का? विषय कोणता? पोराला सोताला शिकायचं हाय का तुमालाच हौस?" तिघाचौघांना तिनं सरळ परत पाठवलं होतं. त्यातल्या एकानं नंतर तिला पेढे आणून दिले.

एकदा सुट्टीत मी तिथं असताना एक बाई आल्या, लेकीच्या नर्सिंगचं विचारायला. आत्या छाती पुढं काढून म्हणाली, "खुशाल काढा कर्ज. आमच्या पोरीच्या टायमाला सगळे नको नको म्हणायलते. मी एकटी हट्टाला पेटले, म्हणून ही शिकली."

मी तोंड उघडलं. तिनं पिठाचा गरम डबा माझ्या हातात दिला.

"उचल," ती म्हणाली. "गाडी यायचा टायम झाला."