पहिला शब्द मोठीचा

मोखाड्याच्या एसटी स्टँडसमोर तो फ्लेक्स लागला आणि जयवंतीनं बाजाराला जायची वाटच बदलली. फ्लेक्सवर हौशी होती. डोक्याला फेटा, हात जोडलेले, पाठीमागे कुठलासा बर्फाचा डोंगर चिकटवलेला. डोंगरी शेतीच्या आंतरराष्ट्रीय संघाच्या सल्लागार मंडळावर निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन, असं वर ठळक अक्षरांत लिहिलेलं. अगदी तळाशी, शुभेच्छुकांच्या गर्दीत, मुंगीएवढ्या अक्षरात जयवंतीचं नाव. शुभेच्छुक म्हणे! शुभेच्छा तिच्या मनात औषधालासुद्धा नव्हत्या.

आणि का असाव्यात? जयवंती पोशेऱ्याची. जव्हारला कॉलेज करून ती शेतकरी बायकांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत नोकरीला लागली आणि ऐन उमेदीची वर्षं तिनं पाड्यापाड्यावर चप्पल झिजवण्यात घालवली. नागली, वरई, जुन्या भाताच्या जाती बायकांनी घरात जपाव्यात म्हणून बियाणं गट उभा केला. हौशी तिच्याच चुलतभावाची बायको. लग्न होऊन आली तेव्हा बैठकीला दाराआड उभी राहायची. तिला हाताला धरून आत आणली जयवंतीनं. माइक कसा धरायचा, बोलताना पदर चावायचा नाही, हेही शिकवलं जयवंतीनं. आणि खुर्ची मिळाली हौशीला.

त्याला कारण होता एक नियम. त्या संघात सभासद असतात देशांची सरकारं. पण सरकारांना चार गोष्टी तोंडावर सांगायला गावच्या माणसांचंही कुणी हवं, म्हणून शेजारी सल्लागार मंडळ ठेवलेलं. तिथं बसणारी बाई स्वतः शेत कसणारी हवी. जयवंती पडली पगारी. तिला पर्यायी सदस्य केलं, म्हणजे हौशीच्या जोडीनं बसायचं आणि गरज पडेल तिथं बोलायचं. नवरीच्या मागं करवली उभी करतात तसं, असं जयवंतीला वाटलं, आणि या वयात करवली व्हायची तिला हौस नव्हती.

पहिली बैठक काठमांडूला झाली. विमानाच्या भाड्याची एकीचीच सोय होती, तेव्हा हौशी एकटीच गेली. तिथं ती म्हणे घडाघडा बोलली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. येताना तिनं जयवंतीसाठी लोकरीची शाल आणली. जयवंतीनं ती ऑफिसातल्या प्रिंटरवर धूळ बसू नये म्हणून घातली. हौशीनं ती तिथं पाहिली आणि काही बोलली नाही. तिच्या या न बोलण्यानंच जयवंतीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. बाईनं एकदा तरी तोऱ्यात वागावं, म्हणजे मनमोकळेपणानं राग तरी धरता येईल.

एका गोष्टीत मात्र हौशीला तिच्यापुढं जाता येत नव्हतं. पेरणीआधी गटाच्या बायका बियाणं घेऊन जमतात, तेव्हा सगळ्यांत मोठी असेल तिनं टोपलीत पहिली मूठ टाकायची आणि पहिला शब्द बोलायचा. नुसतं 'बोला बायांनो' म्हटलं तरी चालतं, पण ते तिनंच म्हणायचं. तोवर धाकट्या तोंड उघडत नाहीत. आता गटात सगळ्यांत मोठी जयवंती. काठमांडूनंतरच्या बैठकीला ती मुद्दाम गप्प बसली. गटातली गोजाबाई खोकली, प्रगतीनं तान्ह्याला या मांडीवरून त्या मांडीवर घेतलं, आणि काठमांडू गाजवून आलेली हौशी नागलीची मूठ तशीच आवळून बसून राहिली. जयवंतीनं पोटभर मजा घेतली आणि मग म्हणाली, 'बोला.' त्या दिवशी तिला जेवण गोड लागलं.

पुढं बातमी आली की संघ वाढणार. आणखी पाच देश आत येणार होते. येऊ देत, डोंगर काय आपल्या एकट्यांकडेच आहेत? पण सल्लागार मंडळातल्या खुर्च्या वाढणार नव्हत्या. नव्या देशांच्या गावकऱ्यांना जागा करायची म्हणून जुन्यांपैकी काहींना निरीक्षक करावं, असा ठराव होता. निरीक्षकानं फक्त ऐकायचं, बोलायचं नाही, आणि त्याच्या जोडीला पर्यायी सदस्यही नसायचा. हौशीची खुर्ची त्या ठरावात होती. ती गेली असती तर गटाच्या बायकांचं गाऱ्हाणं तिथं कुणी मांडायचं, हा खरा प्रश्न होता. दोघींनी बसून उत्तर तयार केलं: नव्यांना घ्या, पण खुर्च्या वाढवा, आमचं तोंड बांधू नका. मंडळातल्या जुन्या सदस्यांपैकी एकानं जरी हरकत घेतली तरी ठराव पुढच्या बैठकीवर जाणार होता. एवढं सोपं काम होतं.

बैठक कंप्युटरवर होती. संस्थेच्या ऑफिसात दोघी शेजारी शेजारी बसल्या, कानाला हेडफोन लावून. तिकडचं बोलणं दुभाष्या हिंदीत सांगत होता. पडद्यावरच्या चौकोनात त्यांच्या देशाच्या नावाखाली दोघी दिसत होत्या, हौशी मधोमध आणि जयवंती अर्धी कापलेली. जयवंतीनं खुर्ची सरकवून पाहिली, तरी एक खांदा बाहेरच राहिला. तेवढ्यानं तिचं डोकं फिरलं.

ठराव आला. अध्यक्षांनी विचारलं, भारताच्या दोन्ही प्रतिनिधींचं काही म्हणणं आहे का? हौशीनं माइक चालू केला आणि मान वळवून जयवंतीकडं पाहिलं. जयवंतीच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. आलीस का माझ्या दारात? काठमांडूला कशी पोपटासारखी बोललीस, बोल ना आता. होऊ दे हिची जरा फजिती, जगाला दिसू दे, मग मी तोंड उघडीन आणि सगळं सावरून घेईन. मग कळेल खुर्चीवर कोण हवं होतं ते. असा बेत करून ती सरळ पडद्याकडं बघत मूग गिळून बसली.

अध्यक्षांनी पुन्हा विचारलं. हौशीनं पुन्हा तिच्याकडं पाहिलं, या खेपेला हलकेच कोपरानं ढोसलंही. जयवंती ढिम्म हलली नाही. दुभाष्याचा आवाज कानात आला: हरकत नसल्यामुळं ठराव मान्य. जयवंती दचकून पुढं झाली आणि बोलू लागली, पण तोवर माइक तिकडूनच बंद केला होता. तिचे ओठ पडद्यावर नुसतेच हलले. पुढचा विषय सुरू झाला.

हौशीनं हेडफोन काढून टेबलावर ठेवले. तिला राग आला नव्हता, ती गोंधळली होती.

"बाय, तुला बरं वाटत नव्हतं काय?"

"मला काय धाड भरलीय? तू का नाय बोललीस?"

"तू मोठी बसली व्हतीस ना शेजारी. तुझे अगोदर मी कशी बोलू?"

"काठमांडूला बोललीस ती?"

"तिकडं तू नव्हतीस," हौशी म्हणाली.

जयवंतीनं कानावरचे हेडफोन काढले. बियाण्याच्या टोपलीपुढं हिला गप्प बसवून जे सुख घेतलं होतं, तेच आज उलटलं होतं. हौशी तिची मदत मागत नव्हती, तिचा मान ठेवत होती. त्या मानानंच खुर्ची गेली. आणि तो मान आपल्याला नुसता हिला सतावायला हवा होता, हे जयवंतीला इतकं लख्ख कळलं की तिला स्वतःचीच शरम वाटली.

गटाला सांगणं भाग होतं. बायका जमल्या. काय झालं ते अजून कुणाला ठाऊक नव्हतं. सगळ्या हात मांडीवर ठेवून जयवंतीच्या तोंडाकडं बघत बसल्या, कारण पहिला शब्द तिचाच. या वेळी गप्प बसायची तिला अजिबात मजा वाटली नाही.

"खुर्ची गेली बायांनो," ती म्हणाली. माझ्यामुळं, एवढाच शब्द राहिला होता, पण तो काही केल्या बाहेर येईना.

मोठीचं बोलून झालं होतं. आता धाकटीला मोकळीक होती.

"आम्ही दोघी गप राहिलो," हौशी म्हणाली. "चुकी दोघींची हाय. आता परत अर्ज करू."

बायकांनी माना डोलावल्या. कुणी हौशीला बोल लावला नाही आणि जयवंतीलाही लावला नाही. गोजाबाई उठून चहाचं बघायला गेली. जयवंती खाली मान घालून बसली होती. शाल प्रिंटरवरून काढून घरी न्यायची, हे तिनं मनाशी ठरवलं. पण अर्धी चूक किती सहज उचलली हिनं, आपल्याला ते का जमलं नाही, या विचारानं तिला त्या क्षणीसुद्धा हौशीचा हेवाच वाटला.